आधी पाणी बघा, मग गळ टाका : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आप्पा, नमस्कार. मी अमळनेरचा, वय ६२. लहानपणापासून बोरीच्या डोहात आणि पुढे तापीवर गळ टाकत आलो. बांबूची काठी, ज्वारीच्या धांड्याचा तरंगा आणि गांडूळ, एवढंच माझं सामान. मोठा मुलगा अमेरिकेत, कोलोरॅडोत नोकरीला आहे. येत्या जुलैत आम्ही दोघं नवरा-बायको महिनाभर त्याच्याकडे जातोय. तो म्हणतो, "पप्पा, तुम्हाला डोंगरातल्या एका लहान तळ्यावर नेतो. तिथला मूळचा ट्राउट मासा आहे. पण तो गांडुळावर नाही, फ्लायवर धरायचा आणि लगेच सोडायचा." मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. माणसं हवेत दोरी फिरवताना दिसतात, बाकी काही उमगत नाही. या वयात हे जमेल का? फ्लाय म्हणजे नेमकं काय? आणि सोडूनच द्यायचा तर धरायचा कशाला?
(एक वाचक, अमळनेर)

उत्तर : भाऊ, जमेल. मी स्वतः एकसष्टाव्या वर्षी शिकलो. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, म्हणजे उमर सगळी धरणाच्या भिंतीवर पाण्याची पट्टी वाचण्यात गेली. गळाचा नाद त्याच्याही आधीचा, गिरणाकाठी मामाच्या गावी लागलेला. २०१८ च्या उन्हाळ्यात मुलीकडे कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला गेलो, तेव्हा जावयांनी हातात फ्लायची काठी दिली. पहिले तीन दिवस एक मासा लागला नाही. चौथ्या दिवशी का लागला ते पुढे सांगतो. तुमच्या हातूनही बहुतेक तीच चूक होणार आहे, कारण आपण दोघं एकाच पद्धतीचा गळ टाकत मोठे झालो.

फ्लाय म्हणजे माशी. बारीक गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेली किड्याची नक्कल. तिला वास नाही, चव नाही. गांडुळाच्या वासाने मासा हुंगत येतो. माशी त्याच्या नजरेला पडली आणि खरी वाटली, तरच तो तोंड उघडतो.

अडचण अशी की या माशीला वजन जवळजवळ नसतंच. आपल्या गळाला शिसं असतं. शिसं पुढे जातं आणि तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. पिसाची माशी तशी फेकायला गेलात तर पायाशीच पडेल. म्हणून फ्लायच्या काठीवर वजन दोरीलाच दिलेलं असतं. ती दोरी जाड, गुळगुळीत, पाण्यावर तरंगणारी असते. तिच्या पुढे नऊ-दहा फूट निमुळता होत गेलेला पारदर्शक तंगूस आणि त्याच्या टोकाला माशी. फेकायची ती दोरी, माशी नुसती तिच्यासोबत जाते.

ज्याने बैलांमागे आसूड ओढलाय त्याला हे लवकर कळतं. आसुडाच्या टोकालाही वजन नसतं. मनगटाचा जोर वादीतून पळत जातो आणि टोक सगळ्यात शेवटी उलगडतं. फरक एवढाच की आसूड कडाडायला हवा आणि ही दोरी कडाडता कामा नये. कडाडली म्हणजे मागची दोरी सरळ व्हायच्या आधीच तुम्ही घाई केली, आणि बऱ्याचदा माशी तुटून गेलेली असते. डोक्याशेजारी घड्याळाची तबकडी आहे असं समजा. काठी दहापासून एकपर्यंत मागे न्यायची आणि थांबायचं. दोरी पाठीमागे पूर्ण उलगडू द्यायची. मग पुढे आणून दहावर रोखायची. ते मागचं थांबणंच सगळ्यांना जड जातं. मला तर मान वळवून मागे बघायची सवय लावून घ्यावी लागली. दोरी सरळ झालेली दिसली की मगच पुढे. जाण्याआधी कुणाकडून तशी काठी मिळाली तर मोकळ्या मैदानात रोज सकाळी वीस मिनिटं सराव करा. गळ लावू नका, माशीच्या जागी लाल लोकरीचा बोंडाएवढा गुंडा बांधा. वीस-पंचवीस फुटांवर ठेवलेल्या परातीत तो पडायला लागला की तुम्ही तयार झालात. त्याहून लांबची फेक त्या तळ्यावर क्वचित लागते.

सामानावर खर्च करू नका. मुलाकडे नऊ फुटी, पाच नंबरची काठी असेल तर तीच बस्स. माशीच्या गळाचे नंबर उलटे चालतात, आकडा मोठा तेवढा गळ लहान. तळ्यासाठी चौदा ते अठरा नंबरच्या डझनभर माश्या पुरतात : काळ्या मुंगीसारख्या दोन-तीन, करड्या रंगाच्या तरंगणाऱ्या 'अ‍ॅडम्स' तेवढ्याच, आणि बाकी पाण्याखाली बुडणाऱ्या बारीक अळ्यांसारख्या. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाका, म्हणजे मासा सोडवताना त्याचं तोंड फाटत नाही.

आता तळं.

आमच्या गिरणाकाठी एक भोई म्हातारे होते. आम्ही पोरं धावत काठावर जाऊन गळ टाकायला लागलो की ते ओरडायचे, "पयले पानी देख, मंग गळ टाक." ते वाक्य मला हजारो मैलांवर कामाला आलं. कारण तळ्यावर खरी विद्या दोरी फेकण्याची नाहीच, बघण्याची आहे.

नदीत मासा तोंड धारेकडे करून एका जागी उभा असतो आणि धार त्याच्या तोंडाशी खाणं आणून देते. तळ्यात धार नाही. खाणं चालत येत नाही, म्हणून मासाच चालतो. ट्राउट काठाला धरून गस्त घालतो. उथळ पाण्याचा पिवळसर तळ जिथे संपतो आणि पाणी एकदम गडद हिरवं होतं, त्या कडेकडेने तो फिरतो. पाच-दहा मिनिटांनी त्याच दगडाशी, त्याच बुडालेल्या ओंडक्याशी परत येतो. तुम्ही मासा दिसला त्या जागी माशी टाकलीत तर पडेपर्यंत तो पुढे गेलेला असतो, किंवा डोक्यावर दोरी पडल्याने पळून गेलेला असतो. त्याच्या वाटेवर, पाच-सहा फूट पुढे, तो यायच्या आधीच माशी टाकून ठेवायची आणि हात स्तब्ध ठेवायचा.

मी गेलो होतो ते झिमरमन लेक. फोर्ट कॉलिन्सहून पूडर नदीच्या दरीतून रस्ता चढत जातो. कॅमेरॉन खिंडीच्या अलीकडे गाडी लावायची आणि मैलभराहून थोडी जास्त चढण पायी. तळं साधारण साडेदहा हजार फुटांवर आहे, आपल्या तोरणमाळच्या पावणेतीन पट उंच. आकाराने मात्र आपल्याकडच्या एखाद्या पाझर तलावाएवढं. भोवती स्प्रूस आणि फरच्या झाडांची काळपट हिरवी गर्दी, पार काठापर्यंत. म्हणजे मागे दोरी टाकायला जागा नाही. अशा ठिकाणी काठी हळू मागे आणून खांद्याजवळ थांबवतात, दोरीचा पोट सुटल्यासारखा झोल पडू देतात आणि पुढे झटका देतात. दोरी पाण्यावरूनच चाकासारखी गुंडाळत पुढे जाते. याला रोल कास्ट म्हणतात. मुलाकडून पहिल्याच दिवशी ही शिकून घ्या, म्हणजे झाडांत माश्या घालवणार नाही.

चौथ्या दिवशी मी काठी खाली ठेवली आणि एका दगडामागे बसून राहिलो. काठावर उभं राहिलो की मासे आत सरकतात हे तीन दिवसांत लक्षात आलं होतं. माशाला पाण्याखालून वरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. तुम्ही जितके उंच आणि जितके काठाजवळ, तितके त्या खिडकीत लवकर येता. वाकून, काठापासून दोन पावलं मागे राहिलं तर त्याला तुम्ही दिसत नाही. डोळ्यांवर पोलराइज्ड चष्मा असला की पाण्यावरची चकाकी मरते आणि तळ उघडा पडतो. तो चष्मा काठीपेक्षा महत्त्वाचा. मी अर्धा तास नुसतं बघितलं. वारा माझ्या पाठीवरून नव्हता, समोरून माझ्याकडे येत होता. जंगलातल्या मुंग्या, भुंगेरे वाऱ्याने पाण्यात पडतात आणि तरंगत वारा जातो त्या काठाला लागतात. फेकायला त्रासाचा तोच काठ माशांच्या पंगतीचा. काठापासून जेमतेम आठ फुटांवर एक मासा येत होता. येताना डावीकडच्या ओंडक्यावरून, जाताना उजवीकडच्या गवताकडे. तीन वेळा तो गेला. चौथ्या वेळी यायच्या आधी मी गुडघ्यावर बसून काळी मुंगी टाकली.

तो आला. मुंगीखाली थांबला. मग सावकाश वर येऊन तोंड उघडलं, पांढरा जबडा दिसला. आधीच्या तीन दिवसांत मी या क्षणी काठी ओढली होती आणि माशी दर वेळी रिकामी परत आली होती. बोरीवर, गिरणेवर तरंगा बुडाला की आपण झटका देतो. हातालाच ती सवय आहे. पण इथे तोंड उघडं असताना झटका दिला तर माशी तोंडातून बाहेर येते. हा मासा आरामात खाणारा आहे. त्याने तोंड मिटून डोकं खाली वळवू द्यायचं, मनात "विठ्ठल, विठ्ठल" म्हणायचं आणि मग काठी फक्त उचलायची. मी तसं केलं आणि काठी वाकली.

फुटाएवढा होता. हात पाण्यात भिजवून घेतले, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी धरते. पाण्यातच त्याला तळहातावर आडवा धरला. पाठ शेवाळी हिरवी, बाजू पितळेसारखी. अंगावरचे काळे ठिपके डोक्याकडे तुरळक आणि शेपटीकडे दाट होत गेलेले, जणू सगळे ठिपके मागे घरंगळले. आणि जबड्याखाली दोन्ही बाजूंना कुंकवाची बोटं ओढावीत तसे लाल-केशरी पट्टे. त्या पट्ट्यांवरून त्याचं नाव कटथ्रोट, म्हणजे गळा चिरलेला, असं पडलं. मी त्याचं तोंड उघडून गळ काढला, हात सैल केला. तो लगेच गेला नाही. दोन श्वास तिथेच कल्ले हलवत राहिला आणि मग गडद पाण्यात उतरला. माझे हात पाण्याने बधिर झाले होते तरी मला ते बाहेर काढावेसे वाटेनात.

आता तुमचा तिसरा प्रश्न, सोडायचा तर धरायचा कशाला. त्याच माशाची गोष्ट सांगतो. कटथ्रोट हा अमेरिकेच्या पश्चिम भागातला मूळचा ट्राउट. १८०५ साली अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळणाऱ्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेत त्याची नोंद झाली आणि शास्त्रीय नावात क्लार्कचं नाव लागलं. त्यातली ग्रीनबॅक ही जात कोलोरॅडोतली, रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावरच्या नद्यांमधली. खाणी आल्या, त्यांचं विषारी पाणी ओढ्यांत गेलं. माणसांनी बेसुमार मासे मारले. आणि खेळासाठी बाहेरचे ट्राउट आणून सोडले : पूर्वेकडचा ब्रूक, युरोपातला ब्राउन, पॅसिफिक किनाऱ्याकडचा रेनबो. ब्रूकने खाणं आणि जागा बळकावली, रेनबोशी संकर होऊन वंश भेसळला. १९३७ साली ग्रीनबॅक संपला असं जाहीर झालं होतं. पुढे काही ओढ्यांत सापडले, ते वाढवले, ठिकठिकाणी सोडले. आणि २०१२ मध्ये जनुकीय तपासणीत निघालं की त्यातले बहुतेक दुसऱ्याच जातीचे होते. शुद्ध ग्रीनबॅक कोलोरॅडो स्प्रिंग्सजवळच्या बेअर क्रीक नावाच्या एका ओढ्यात उरला होता. एका ओढ्यात, भाऊ. तिथल्या माशांपासून पिल्लं तयार करून २०१४ मध्ये झिमरमन तळ्यात सोडली. माझ्या तळहातावर जो होता तो त्यांच्यापैकी. तो खाऊन टाकावा असं माझ्या मनातही आलं नाही. आपण काय धरतोय हे कळल्यावर तुमच्याही मनात येणार नाही, याची मला खात्री आहे.

मुलगा तुम्हाला दुसऱ्या तळ्यावर नेणार असेल तर नियम तिथले बघा. कोलोरॅडोत सोळा आणि त्यापुढच्या वयाच्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो, पाहुण्यालाही. एका दिवसाचाही मिळतो. काही तळ्यांवर फक्त माशी किंवा कृत्रिम आमिष चालतं. गांडूळ घेऊन गेलात तर दंड होईल. तळ्यात येणाऱ्या आणि तळ्यातून निघणाऱ्या झऱ्यात मासे जोडीने, थोडक्या पाण्यात दिसले तर ती त्यांची अंडी घालायची जागा असते. बर्फ वितळल्यावर, म्हणजे इतक्या उंचीवर पार जुलैपर्यंत ते चालतं. तिथे गळ टाकू नका आणि पायही ठेवू नका, तळाच्या बारीक खडीत अंडी असतात.

दोन गोष्टी जिवाच्या. जुलैत तिथे बहुतेक दुपारी ढग जमतात आणि विजा पडतात. फ्लायची काठी बहुधा कार्बनची असते, तिच्यातून वीज सहज वाहते. पहाटे चढा आणि बाराच्या आत खाली उतरायला लागा, मासा कितीही लागत असला तरी. आणि विमानातून उतरल्या उतरल्या एवढ्या उंचीवर जाऊ नका. दोन-तीन दिवस मुलाच्या घरी राहा, पाणी भरपूर प्या, चढण सावकाश चढा. वहिनींना सोबत न्या. तळ्याला वळसा घालून फिरता येतं आणि तिथे मूस नावाचं सांबरापेक्षा कितीतरी मोठं जनावर पाण्यावर येतं. ते दिसलं तर लांबूनच बघायचं, पिल्लू सोबत असेल तर झाडाआड व्हायचं.

प्रश्न : मी शहाद्याला शिक्षक आहे. मुलांना घेऊन तोरणमाळला गेलो होतो. यशवंत तलाव बघून वाटलं, इथे थंड हवा आहे, पाणी बारमाही आहे, मग काश्मीरसारखा ट्राउट इथे का सोडत नाहीत? पर्यटन वाढेल, आदिवासी मुलांना रोजगार मिळेल.
(एक शिक्षक, शहादा)

उत्तर : सर, तुमचा हेतू चांगला आहे, पण माझं उत्तर ठाम नाही असं आहे.

ट्राउट जगणार नाही हे पहिलं कारण. तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर आहे. शहाद्याच्या मानाने गार, पण चैत्र-वैशाखात यशवंत तलावात हात घालून बघा. ट्राउटला दहा ते सोळा अंशांचं पाणी मानवतं. वीसच्या वर तो गुदमरायला लागतो आणि पंचविसाच्या आसपास टिकत नाही. गार पाण्यात प्राणवायू जास्त मुरतो. दहा अंशाला लिटरमागे अकरा मिलिग्रॅमच्या वर, तीस अंशाला जेमतेम साडेसात. आपल्या मरळीला ती अडचण नाही, ती वर येऊन हवाच पिते. ट्राउटला ती सोय नाही.

आणि काश्मीरचा ट्राउटही काश्मीरचा नव्हे. भारतात मूळचा ट्राउट नाही. १८९९ साली विलायतेतून आणलेली अंडी वाटेत मेली, १९०० साली स्कॉटलंडहून दुसरी खेप आली ती जगली. निलगिरीत अ‍ॅव्हलांच इथे १९०७ साली उबवणी केंद्र निघालं. हिमालयात ज्याला स्नो ट्राउट किंवा असेला म्हणतात तो नावापुरता ट्राउट, कुळाने आपल्या रोहू-कटल्याचा भाऊबंद.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वर अमळनेरच्या भाऊंना ग्रीनबॅकची गोष्ट सांगितली. तीच गोष्ट आपल्या दारात चालू आहे. चिलापी (तिलापिया) मासा भारतात १९५२ साली बाहेरून आणला. आज खान्देशातलं कोणतंही धरण घ्या, कोणत्याही भोयाचं जाळं उपसताना बघा, चिलापी निघणारच. ती तोंडात अंडी सांभाळते, वर्षातून कित्येकदा वीण होते, तिच्यापुढे आपले मासे मागे पडतात. थाई मागूर तर इतका खादाड निघाला की २००० साली सरकारला बंदी घालावी लागली, तरी अजून चोरून पाळतात. सोडलेला मासा परत काढता येत नाही. अमेरिकेत एक तळं बाहेरच्या माशांपासून मोकळं करायला विष टाकून त्यातले सगळे मासे मारावे लागतात, मग मूळचे मासे आणून सोडतात.

तापी-नर्मदेचा आपला स्वतःचा मानाचा मासा आहे, महाशीर. मध्य प्रदेशाने २०११ साली तो राज्यमासा केला. मोठमोठे खवले, सोन्यासारखी झाक, पावसाळ्यात धार चढून वर जाणारा. १९७२ ला उकाई पूर्ण झालं आणि त्याचा फुगवटा आपल्या नंदुरबार जिल्ह्यापर्यंत आला. अशी धरणं झाली की वर चढणाऱ्या माशाची वाट तुटते. मी त्याच खात्याचा माणूस आहे आणि हे लिहिताना मला जड जातं. भिंती बांधताना आम्ही शेताचं पाणी मोजलं, माशाची वाट कधी मोजली नाही. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी गेल्या पन्नास वर्षांपासून महाशीरची पिल्लं तयार करतात. म्हणजे हे काम आपल्या राज्यात जमतं. सर, तुमच्या मुलांना घेऊन पुढच्या खेपेला सातपुड्यातला एखादा वाहता ओढा बघा. पावरा घरांतल्या म्हाताऱ्यांना विचारा की त्यांच्या लहानपणी त्या ओढ्यात कोणकोणते मासे होते आणि आता कोणते दिसत नाहीत. नावं मुलांकडून त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. ती यादी मला पाठवलीत तर या सदरात छापू.

प्रश्न : मी चोपड्याला बारावीला आहे. तुमच्या मागच्या अंकातल्या लेखापासून मला पिसांच्या माश्या बांधायच्या आहेत. बाजारातलं सामान परवडत नाही. घरच्या वस्तूंत होईल का? आणि आपल्या नद्यांत कोणता मासा माशीवर येतो?
(एक विद्यार्थिनी, चोपडा)

उत्तर : होईल, बेटा. मीही तसंच करतो. आठवडी बाजारात कोंबडीवाल्याकडे कोंबड्याच्या मानेची लांब, अरुंद, चकचकीत पिसं मागून घे. बोटाने उलटी चोळून बघ, केस ताठ उभे राहिले तर ते पीस तरंगणाऱ्या माशीला चांगलं. शिंप्याकडचा काळा दोरा चालतो, फक्त बारीक बघून घे आणि मेणबत्तीवरून ओढ म्हणजे घसरत नाही. गळ धरायला लोहाराचा लहान हातशेगडा (व्हाइस) किंवा पप्पांची पकड रबर लावून चालेल. पहिली मुंगीच बांध. काळ्या फोमची आगकाडीएवढी पट्टी गळाच्या दांड्यावर ठेव, मधोमध दोऱ्याचे सहा-सात वेढे दे, पुढे-मागे दोन फुगे राहतील, तेच मुंगीचं डोकं आणि पोट. वेढ्यांवर पिसाचे दोनच फेरे, जास्त नाही. मुंगीला पाय सहाच असतात. शेवटी गाठ मारून नखाला लावायच्या नेलपॉलिशचा थेंब. झिमरमनचा मासा ज्या मुंगीवर लागला तसली मुंगी मी आता धुळ्याला माझ्या ओसरीवर अशीच बांधतो.

आपल्याकडे माशीवर मासे येतात. संध्याकाळी वाहत्या, नितळ पाण्यात पृष्ठभागावर टिपटिप थेंब पडल्यासारखं दिसतं, ते बोटभर-वीतभर चंदेरी मासे किडे टिपत असतात. त्यांना अठरा नंबरची मुंगी पुरते. चिलापी बुडणाऱ्या अळीवर येते, आणि ती सोडू नकोस, घरी ने आणि खा. मरळीला मोठी, बेडकासारखी माशी लागते, कमळाच्या पानांच्या कडेने ओढायची. मरळीभोवती पिल्लांचा लालसर थवा दिसला तर मात्र तिला हात लावू नकोस. नर-मादी दोघं पिल्लं राखत असतात, एकाला उचललं तर थवा जातो.

कुठे जायचं हेही सांगतो. अनेर धरण आणि यावल ही अभयारण्यं आहेत, तिथे गळ टाकायचा नाही. बाकी धरणांचा मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. काठावर जाळी वाळत असतील तिथे जाऊन आधी विचार. बहुतेक वेळा "टाक की" असंच म्हणतात, आणि चहा पाजून मासे कुठे आहेत तेही सांगतात. एकटी जाऊ नकोस, आणि धरणाच्या खालच्या पात्रात तर पावसाळ्यात अजिबात नको. दरवाजे उघडल्यावर पाणी किती वेगाने येतं ते मी आयुष्यभर पाहिलंय. भोंगा वाजला की सामान तिथेच टाकून वर चढायचं.